कडं

चाकू मूळचा अण्णांचा नव्हे.
रुसेलसाहेबाचा. तो फ्रान्सहून आला होता प्रेस बसवायला,
वागळे इस्टेट, बावीस नंबर रस्ता, सत्त्याहत्तर साल.
जाताना टूलरूमच्या टेबलावर ठेवून गेला,
डब्यातली शेवटची भाकरी कुणी सरकवावी तसा,
न बोलता.

बीचच्या लाकडाची मूठ.
पातं साध्या पोलादाचं, पुसलं नाही तर गंजणारं.
ठाण्याच्या दमट हवेत लाकूड फुगायचं
आणि पातं आत रुतून बसायचं,
माहेरी आलेल्या लेकीसारखं, निघता निघेना.
साहेबानं युक्ती दाखवली होती :
मुठीचं बूड टेबलाच्या कडेवर आपटायचं, एकदाच,
की पातं नखाएवढं डोकावतं.
अण्णा मला सांगायचे,
"दार वाजवायचं, बाय. ओढायचं नाय."

साहेबाच्या मोडक्या इंग्रजीतून
अण्णांच्या त्याहून मोडक्या इंग्रजीत
चाकूची वंशावळ उतरली, ती अशी :
आधी नुसतं पातं, चामड्याच्या म्यानात, कमरेला.
मग कुणीतरी लाकडाला चीर पाडली
आणि पात्याला निजायला जागा झाली.
गुराख्यांनी शेजारी टोच्या मागितला.
शहरात नोकरीला गेलेल्या पोरांनी
बाटलीचं बूच काढायचा स्क्रू.
कडं सगळ्यात शेवटी आलं.
मानेवरचं हे कडं फिरवलं की पातं अडतं,
बोटावर मिटत नाही.

"येवढी साधी गोष्ट. आधी का नाय सुचली?"
अण्णांनी विचारलं म्हणे.
रुसेलनं तर्जनी अर्धी दुमडून दाखवली.
"माझा आजा," एवढंच बोलला.

एक्क्याऐंशीच्या दिवाळीआधी
ओव्हरटाइमच्या तिसऱ्या रात्री
त्याच प्रेसनं अण्णांच्या मधल्या बोटाची दोन पेरं घेतली.
आठवड्यानं प्रेसला जाळी बसली.
पिवळा रंग दिला तिला, ऑफिसातून माणूस येऊन फोटो काढून गेला.
अण्णा पट्टी बांधलेला हात मांडीवर ठेवून म्हणाले,
"आलं बघ कडं."

पुढे मूठ तडकली, अण्णांनी शिवणीची घडवली.
कडं झिजलं, तर पितळी पाइपचा तुकडा
लेथवर धरून नवं काढलं, साडेआठ बोटं असलेल्या माणसानं
(आणखी अर्धं कुठे गेलं, ते त्यांनी कधी सांगितलं नाही).
माझ्या पेन्सिली, पार्सलच्या सुतळ्या, आईच्या टाचेतली काच.
पातं उगाळलं जाऊन जाऊन
बोंबलाएवढं उरलं.

बावीस नंबरला आता काचेची इमारत आहे.
सातव्या मजल्यावर मी विम्याचे दावे तपासते.
कुठलं बोट, किती पेरं, उजवा की डावा,
रकाना भरला की टक्का आपोआप येतो.
अण्णा गेल्यापासून चाकू पर्समध्ये.
इतके दिवस कुणाला दिसला नव्हता. परवा नवं मशीन बसलं गेटवर.

"मॅडम, हे आत जमत नाही."
इंगोलेबाई, सिक्युरिटीच्या, हिंगोलीकडच्या.
चाकू घेतला, चौदा नंबरचा बिल्ला दिला.

संध्याकाळी बिल्ला परत केला, तर
स्टुलावर पेपर, पेपरवर पेरूच्या फोडी, तिखटमीठ लावलेल्या.
बाई जराही ओशाळल्या नाहीत.
"उघडतच नव्हता मेला. नख तुटलं.
मग स्टुलावर बूड आपटलं, तर आला बाहेर."
"कुणी शिकवलं?"
"याला काय शिकवायचंय?"

एक फोड मला दिली.
खाता खाता मी सांगू लागले, हे कडं बघा,
असं फिरवायचं, मग पातं मिटत नाही.
त्यांनी ऐकून घेतलं. फिरवून पाहिलं. परत फिरवलं.
मग अंगठा पुढे केला,
त्यावर पेपरचा चिटोरा, मधोमध लाल ठिपका.

"सकाळी सांगायचं होतं ना, मॅडम."